केदारापाशी परतणारी वाट

माझ्या हातून आयुष्यभरात पुष्कळ लिहून झाले. परंतु सहस्रावधी लोकांनी वाचलेले वाक्य एकच, आणि त्या एका वाक्याने मला एका माघ महिन्यात स्वस्थ बसू दिले नाही. ते निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले होते : ‘शिवाची प्रदक्षिणा अर्धी असते. नाळीपर्यंत जावे, नाळ न ओलांडता आल्या वाटेने परत फिरावे.’ हिंगोलीहून औंढ्याला जाताना उजव्या हाताला एक उद्यान होते. तेथे हा पत्रा बारा ठिकाणी लावलेला होता.

हिंगोली स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षे झाली असतील. उद्यानाचे मालक पूर्वी आकाशपाळणा घेऊन जत्रांतून फिरत. गुडघे साथ देईनासे झाले तेव्हा त्यांनी तो पाळणा आपल्याच शेतात कायमचा उभा केला आणि त्याच्या भोवती बारा ज्योतिर्लिंगांच्या लहान प्रतिकृती बांधून घेतल्या. मुलांसाठी छोटी आगगाडी, वडीलधाऱ्यांसाठी देव आणि सर्वांसाठी गरम भजी. नागनाथाचे दर्शन झाल्यावर लोक परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ कोठे घालवतात, हे त्यांनी पाळण्याशेजारी बसून वर्षानुवर्षे पाहिलेले होते.

मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. त्याआधी गोदाकाठच्या एका पाठशाळेत माझे अध्ययन झालेले. एके सकाळी मालक घरी आले, पायरीवरच बसले आणि म्हणाले, “गुरुजी, पूजेला भटजी मिळतील हो. पण काय कसं पायजे ते सांगाया जाणतं माणूस लागतं. तुमी सांगाल तसं करतो. एक अक्षर इकडचं तिकडं होणार न्हाई.”

असे मला कोणी कधी म्हटले नव्हते. शाळेत संस्कृत हा विषय मुले गुणांसाठी घेत. त्यातले एखादे वचन कोणी आचरणात आणील, अशी अपेक्षा मी केव्हाच सोडून दिली होती. येथे एक मनुष्य चार एकर भूमीवर माझा शब्द प्रमाण मानायला निघाला होता. तो आनंद शुद्ध नव्हता, हे आज कळते.

मंदिरे बांधणारे मिस्त्री हिंगोलीचे. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम करणारे. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकांतील चित्रे पाहून सोमनाथापासून घृष्णेश्वरापर्यंत सारी शिखरे सिमेंटमध्ये उभी केली होती, आणि प्रत्येक पिंडीवरचे पाणी उत्तरेकडे वाहून नेणाऱ्या नाळीवर शहाबादी फरशी टाकली होती. मी ती काढायला लावली.

“लोकांचे पाय भिजतील, पंडितजी. घसरतील,” मिस्त्री म्हणाले.

“नाळ दिसली पाहिजे. दिसली नाही, तर मर्यादा कोण पाळणार?”

“बराबर,” ते म्हणाले आणि पहार घेऊन कामाला लागले. निघालेल्या फरश्या त्यांनी उपाहारगृहाच्या मागे, हातपाय धुण्याच्या जागी बसवून टाकल्या.

अक्षय्य तृतीयेला उद्यान उघडले. पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट ध्यानात आली : बाराही देवांना गर्दी सारखी नव्हती. नागनाथाच्या प्रतिकृतीपाशी कोणी थांबतच नसे. खरा नागनाथ हाकेच्या अंतरावर असताना सिमेंटच्या नागनाथाला कोण विचारतो? परंतु केदारनाथापाशी मुंगीला वाट मिळू नये, अशी दाटी. मिस्त्रींनी त्याला सिमेंटचा डोंगर केला होता, डोंगरावर चुन्याचे बर्फ, आत गुहा. आणि मालकांनी गुहेच्या मागच्या झरोक्याशी एक दांडगा कूलर बसवला होता. वैशाखात त्रेचाळीस अंश तापलेल्या मुलखातला मनुष्य त्या गुहेत शिरला की हात जोडून डोळे मिटी, आणि मग ते उघडायचे नावच घेत नसे. भक्ती कोठे संपे आणि गारवा कोठे सुरू होई, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. लोडशेडिंगमध्ये कूलर बंद पडला तर लोक बाहेर जातील असे वाटे. उलट ते म्हणत, “लाईट येऊ द्या, मंग दर्शन घेऊ,” आणि मागून येणारे त्यांच्यावर येऊन आदळत.

मालक या सर्वांकडे कारागिराच्या दृष्टीने पाहत. ते मला समजावून सांगत, “गर्दी माणसं जास्त झाल्यानं होत न्हाई, गुरुजी. सगळे एका टायमाला, एका जागी आले म्हंजे होते. सोमवारी अकराची एस.टी. येते, तिच्यामागं जीपा येतात, आन्‌ एक वाजता समदं मोकळं. मंग दिवसभर मी माशा मारतो.” पाळण्यावर ते समोरासमोरच्या खुर्च्या आधी भरत, शेजारशेजारच्या भरल्या तर चाक एका अंगाला ओढते. तोच न्याय त्यांनी उद्यानाला लावून पाहिला. निम्म्या लोकांना सोमनाथाकडून सोडायचे, निम्म्यांना रामेश्वराकडून. मी हरकत घेतली : क्रम स्तोत्रातला असावा, आरंभ सोमनाथापासूनच व्हावा. त्यांनी मान डोलावली. मग पाळण्याची रांग लवकर सरावी म्हणून त्यांनी त्याचे फेरे आठावरून पाचावर आणले, रांगेला दोऱ्या बांधून वळणे दिली, वळणावर उसाचा रस ठेवला, आणि ‘येथून केदार अर्धा घंटा’ अशी पाटी लावली. त्या पाटीने लोक शांत झाले, याचे मला नवल वाटले.

“उभं राहायची तकलीफ नसते हो,” मालक म्हणाले. “किती येळ उभं राहायचं, ते न कळायची असते.”

इतके सगळे करूनही केदाराची गाठ सुटत नव्हती. ती कशात आहे, हे मालकांना कळले होते, मिस्त्रींना कळले होते. मलाही कळले असावे. पण मालक माझ्यासमोर तो विषय काढत नसत आणि मी काढू देत नसे.

माघातल्या पहिल्या सोमवारी ती गोष्ट घडली. मी उद्यानाच्या मागच्या दाराने आत जाऊन पुजाऱ्याचा एक उच्चार दुरुस्त करीत होतो. एवढ्यात गुहेतून किंकाळी आली, बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आणि माणसे एकमेकांना ढकलत बाहेर पडू लागली. मालकांनी कूलर बंद करवला, लोक काढले. नाळीपाशी, पाण्यात, एक मेंढपाळ बाई बसलेली होती. वय साठीच्या पुढचे, डोक्यावर पदर, उजवे मनगट डाव्या हातात धरलेले. नाळीपर्यंत जाऊन ती नियमाप्रमाणे मागे वळली होती आणि समोरून येणाऱ्या लोंढ्याने तिला मागे, ओल्या जमिनीवर ढकलले होते.

तिला बाहेर आणून बाकावर बसवले. मनगट सुजू लागले होते, तरी जीभ शाबूत होती.

“काहून उलटं फिरवून राहिले हो लोकांना?” ती मालकांना म्हणाली. “आमी मेंढरं बी अशी एकमेकांच्या तोंडावर घालत न्हाई.”

गर्दीतला कोणी तरुण म्हणाला, “आज्जे, पाटीवर लिवलंय ना तसं!”

“मंग ज्यानं लिवलं त्याला बोलवा की. त्याच्या बापानं मेंढरं राखली व्हती का, इचारते.”

लोक हसले. मालकांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जमिनीकडे पाहत राहिले. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि पाटी माझी आहे, हे तीन शब्द मला उच्चारता आले नाहीत. तिला हिंगोलीला दवाखान्यात नेण्यासाठी जीपमध्ये बसवले, तेव्हा ती वळून म्हणाली, “केदार राह्यला माझा. शिवरातीला येते. शिवरात झाली की आमी मेंढरं घेऊन खाली उतरतो, मंग कुठलं होतंय. अन्‌ खऱ्या हिमालयात का मी जाणार हाय?”

दोन दिवसांनी मालक घरी आले. ते म्हणाले, “शिवरातीला दहा पट माणूस येईल, गुरुजी. मी त्या दिवशी केदार बंद ठेवतो. लाकडं ठोकून तोंड बुजवतो.”

“आणि दुसरा काही उपाय?”

“हाय की. पण तो तुमच्या शब्दाच्या आड येतो. मी तुमाला बोललो व्हतो, एक अक्षर हलणार न्हाई.”

ते गेल्यावर पत्नीने ताटे मांडली. ती आतून सर्व ऐकत होती. “एक विचारू का?” ती म्हणाली. “तुम्ही आजवर कोणत्या देवळात रांगेत उभे राहिलात?”

मी आठवू लागलो. औंढ्याला मला पुजारी ओळखत. मी बाजूच्या दाराने जात असे. उद्यानात मागच्या दाराने. बालपणी पाठशाळेचे विद्यार्थी म्हणून आम्हाला नेहमी पुढे बसवीत. तिने वरण वाढले.

पुढच्या सोमवारी मी तिकीट काढले आणि दोऱ्यांच्या वळणांतून रांगेत उभा राहिलो. मालकांनी मला दुरून पाहिले; परंतु ते पुढे आले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पाऊण तासाने मी गुहेच्या तोंडाशी आलो. आतली वाट जेमतेम तीन हातांची. आम्ही उजव्या अंगाने आत सरकत होतो, आणि दर्शन घेऊन परतणारे आमच्या छातीवर येत होते. कोणाचे कोपर, कोणाच्या कडेवरचे लेकरू, कोणाचा ओला पदर तोंडावर. एका बाईचे “सरका हो, सरका” चाललेले, आणि सरकायला कोणाला जागाच नव्हती. मी ‘नमः शिवाय’ म्हणण्याचा प्रयत्न केला. तो मंत्र मला दुसऱ्या अक्षरापुढे नेता येईना. श्वास अडत होता.

असा मी नाळीपर्यंत पोचलो. आणि पलीकडे पाहिले.

पलीकडची अर्धी वाट पूर्ण रिकामी होती. गारव्याला एक तांबडा कुत्रा तिथे पाय पसरून निजला होता. वाट डोंगराला वळसा घालून दुसऱ्या तोंडाने स्वच्छ उन्हात उघडत होती. मिस्त्रींनी ते तोंड बांधतानाच ठेवलेले होते. पाऊल टाकण्याएवढी रुंद नाळ मध्ये, तिच्यात चार बोटे पाणी, आणि अलीकडे शंभर माणसे एकमेकांचा दम कोंडत मागे वळत होती. कोणी ओलांडत नव्हते. पाटी वाचता येणारेही आणि न येणारेही.

मीही वळलो. मला वाटते, त्या वेळी मी भीतीने वळलो.

आता येथे मला एक कबुली दिली पाहिजे. शिवाची नाळ ओलांडू नये, हे जितके खरे, तितकेच हेही परंपरेने सांगितलेले आहे की गवत, पाने, काष्ठ, पाषाण यांपैकी कशानेही ती झाकली असता ओलांडण्यात दोष नाही. हे मला पाठशाळेत असल्यापासून ठाऊक होते. आमच्या गुरूंनी ते शिकवले होते आणि वर म्हटले होते, “अपवाद ठाऊक असावा, पण ओठांवर नसावा.” त्यांना मी उभ्या आयुष्यात कधी नाळ ओलांडताना पाहिले नाही. मालकांनी मर्यादा विचारली, तेव्हा मी अर्धे शास्त्र सांगितले. उरलेले अर्धे मी राखून ठेवले, कारण ते सांगितले असते तर माझ्या सांगण्याला काही वजन उरले नसते. मिस्त्रींच्या फरशीने तो अपवाद अजाणता साधलेला होता. ती मी काढवली होती.

यानंतरचे दिवस मी घरात येरझारा घालून काढले. जपाला बसलो की मनगट धरलेली ती बाई समोर येई. गुरू आज असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न मी रोज नव्याने विचारी आणि रोज नवे उत्तर येई. एका उत्तरात ते हसत, दुसऱ्यात पाठ फिरवून बसत. नियम मोडणे मला नको होते. पण नियम वाचवायला देवाचे दार फळ्या ठोकून बंद करायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते, तेही मला दाखवता येत नव्हते. शिवरात्रीला चार दिवस उरले तेव्हा मी एस.टी.ने उद्यानाकडे निघालो.

मिस्त्री केदाराच्या तोंडावर फळ्या बेतत होते.

“मिस्त्री, नाळीवर फरशी टाकायची आहे,” मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. “जुनी तर हातपाय धुवायच्या जागी गेली, पंडितजी. ती आता देवाला कशी लावता? नवी कापतो.”

“तुम्ही पहिल्यांदाच बरोबर केले होते.”

“तसं न्हाई,” ते म्हणाले. “मी पाण्याचा विचार केला होता, तुम्ही देवाचा. माणसाचा दोघांनी पण न्हाई केला. दोन पाणी आमनेसामने आले की भोवरा होतो, एवढं मला ठाऊक होतं. पण तुमच्यासमोर कोण बोलणार?”

मालकांना मी सगळे सांगितले. अपवादही, आणि तो मी दडवला होता हेही. मला वाटले ते रागावतील. ते एवढेच म्हणाले, “मंग पाटी?”

“पाटी उतरवा. नवी मी लिहून देतो.”

नव्या पाटीवर लिहिले : ‘येथे नाळ पाषाणाने झाकलेली आहे. शास्त्राप्रमाणे ओलांडण्यास दोष नाही. पुढे जावे.’ नवी फरशी बसवताना मी तिच्याखाली बेलाची पाने ठेववली. त्याची आवश्यकता नव्हती. दगड पुरेसा होता. ती पाने मी माझ्यासाठी ठेवली.

महाशिवरात्रीला पहाटेपासून लोक लोटले. मी निर्धास्त मनाने गुहेच्या दुसऱ्या तोंडाशी, उन्हात उभा राहिलो. आता यातून माणसांचा ओघ बाहेर येईल, अशा अपेक्षेने. घटका गेली. कोणी आले नाही. आतून मात्र तोच गलका, तेच “सरका हो”. मी उलट दिशेने आत शिरलो आणि पाहिले : लोक फरशीपर्यंत येत होते, नवी पाटी मोठ्याने वाचत होते, आणि परत फिरत होते.

“अहो, पुढे जा!” मी म्हणालो. “झाकलेली आहे. दोष नाही.”

“आसंल,” एक पटकेवाला म्हणाला, “पण आमच्यात न्हाई ओलांडत.” आणि तो वळला.

कोणाच्याच पायाला ती सवय मोडवत नव्हती. एक पाटी काढून दुसरी लावली की मनुष्य बदलतो, अशी माझी समजूत होती; हा विलक्षण भोळेपणा. मी ज्या नियमाला माझा समजत होतो, तो माझ्या पाटीच्या फार आधीपासून त्यांच्या पावलांत होता. मी त्याला केवळ पत्रा ठोकला होता. मागून रेटा वाढत चालला. मालक बाहेरून ओरडत होते, “गुरुजी, लोक थांबवू का? बंद करू का?”

एवढ्यात फरशीच्या अलीकडे ती बाई आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पिंडीकडे पाहून तिने डाव्या हाताने कपाळाला स्पर्श केला, आणि तिचे पाऊल मागे वळू लागले. तिच्या पाठीमागे चाळीस-पन्नास माणसे.

“बाई, वळू नका,” मी म्हणालो. “पुढून बाहेर पडा.”

“न्हाई बा. पाप लागंल.”

“नाही लागणार.”

“तुमी कोण सांगणारे?”

“मागची पाटी मी लिहिली होती,” मी म्हणालो. “तुम्ही पडलात ती माझ्यामुळे. ही पाटीही मीच लिहिली आहे.”

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. जानवे, पंचा, कपाळावरचे भस्म.

“आस्सं,” ती म्हणाली. “म्हंजे तवा बी तुमीच, आन्‌ आता बी तुमीच.”

मागे कोणी हसले.

“मंग महाराज, आधी तुमी चला,” ती म्हणाली. “तुमाला काही झालं न्हाई, तर मी येते.”

मी पलीकडच्या बाजूला उभा होतो. तिच्याकडे यायलाही मला ती फरशी ओलांडावी लागणार होती. सदुसष्ट वर्षे जे पाऊल कोणत्याही शिवालयात नाळीवर पडले नव्हते, ते उचलले. दगड थंड होता, त्याच्याखाली पाणी वाहत असल्याचे तळव्याला कळत होते. मी अलीकडे आलो, वळलो, पिंडीला नमस्कार केला, आणि तिच्यासमोरून पुन्हा पलीकडे गेलो. मनात कोणतीही शांती आली नाही. गुरूंचा चेहरा आला, आणि मी त्याच्याकडे न पाहता पुढे चाललो.

मागे तिच्या जोडव्यांचा आवाज आला. ती फरशीवर क्षणभर थांबली, मग झटक्याने पार झाली, आणि तिच्यामागे दोन सुना, मग एक मुसलमान पाहुणा आपल्या मित्राबरोबर, मग तो पटकेवाला, ज्याला वळूनही गर्दीतून बाहेर पडता आले नव्हते. कुत्रा उठून पळाला. दुसऱ्या तोंडाशी उन्हात आल्यावर ती मला म्हणाली, “झाला माझा केदार. हात दुखून राहिला, पण झालं.” आणि वाकून नमस्कार करू लागली. मी मागे सरलो. तिच्या नमस्काराला मी पात्र नव्हतो.

तिला आणखी काही सांगावे असे वाटत होते. पण आतून मालकांची हाक आली. मी परत गेलो. नवी तुकडी फरशीपाशी येऊन थांबली होती, पाटी वाचत होती, आणि पहिला मनुष्य मागे वळण्याच्या बेतात होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्याच्या देखत पुन्हा पाऊल उचलले. त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत मी ती नाळ किती वेळा ओलांडली, ते मोजले नाही. प्रत्येक वेळी पाऊल तितकेच जड होते.